चोच डावीकडे

छापखान्यात मला सगळे भिंगबाई म्हणतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याला वाटलं होतं मी चिडेन. मी चिडलेच, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. माझ्या गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असतं आणि मशीनमधून निघालेला कागद मूळ चित्राशी जुळतो की नाही हे सांगणं माझं काम. निळा चढलाय, पिवळा उतरलाय, लाल मेलाय असं मी म्हटलं की मशीन थांबतं. मी 'सोडा' म्हटलं की सुटतं. माझा राग आणि चष्मा दोन्ही नाकावर असतात, त्यामुळे आधी काय घसरेल याचा नेम नसतो.

त्या दिवशी पक्ष्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती मशीनवर होती. तीनशे बारा पक्षी, आणि सगळेच्या सगळे माझ्या आत्याने रंगवलेले. प्रत्येक आवृत्तीला ती स्वतः छापखान्यात येऊन बसते. आता एकोणऐंशी वर्षांची आहे, हातात काठी आली आहे, पण खांद्यावरच्या पिशवीत रंगांची पेटी असतेच. माझ्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून ती दिवसभर माझ्या चुका काढते. त्या दिवशी मात्र सकाळपासून एक अक्षर बोलली नव्हती.

कारण होतं पान एकशे बारा. त्या पानावर काळगळ्या नावाचा पक्षी आहे. अंगठ्याएवढा जीव, पाठ हिरवी, चोच बाकदार, उंच डोंगरातल्या दमट जंगलात फुलांतला मध पिऊन राहणारा, आणि गळा नावाप्रमाणे काळाकुट्ट. कोणे एके काळी कुणीतरी एकच नमुना आणून संग्रहालयात ठेवला. त्याच्यावरून आत्याने चित्र काढलं. त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली. पुस्तक हातात घेऊन किती लोक त्या डोंगरांत भटकले, पण काळ्या गळ्याचा तो पक्षी कुणाला दिसला नाही. शेवटी संपादकसाहेबांनी ठरवलं आणि या आवृत्तीत चित्राखाली दोन बोटं रुंद काळी पट्टी टाकली. पट्टीत पांढऱ्या अक्षरांत एक शब्द: नामशेष.

आदल्या दिवशी त्या शब्दावर बोट ठेवून आत्या म्हणाली होती, "हे माझ्यामुळे झालं."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"अगं, लोक माझं चित्र बघून त्याला शोधतात. सापडत नाही म्हणजे एक तर तो संपला, नाही तर माझं चित्र चुकलं. चित्र चुकलेलं असू दे बाई. मी मरायच्या आधी एवढं एक होऊ दे."

आयुष्यभर एक केस इकडचा तिकडे न करणारी बाई आपली चूक निघावी म्हणून झुरत होती. आणि सातवा फर्मा, म्हणजे ज्या मोठ्या कागदावर पान सत्त्याण्णव ते एकशे बारा एकत्र छापतात तो, दुपारी चार वाजता मशीनवर चढणार होता. बारा हजार प्रती. एकदा सुटला की आत्याच्या हयातीत तो शब्द पुसला जाणार नव्हता. पुढची आवृत्ती दहा वर्षांनी.

दीड वाजता मुखपृष्ठ आलं. त्यावर पुस्तकाचं नाव तांब्याच्या रंगाच्या चकचकीत फॉइलने उठवलं होतं. मी तो कागद टेबलावर पसरला. समोरच्या बाजूला आमचे मशीनदादा उभे होते. दादा गेली अठरा वर्षं माझ्याशी भांडताहेत आणि मशीन बरं चालवतात, म्हणून मी त्यांना चालवून घेते.

"भिंगबाई, हे गेलं वाया," ते म्हणाले. "फॉइल जळली बघा. अक्षरं काळी पडलीत."

"काळी? दादा, डोळे तपासून घ्या. निखाऱ्यासारखी लाल आहेत."

"लाल? कोळसा आहे कोळसा!"

"तुम्हाला तांबडं आणि काळं कळत नसेल तर घरी बसा!"

"मी घरी बसतो, तुम्ही इकडे येऊन बसा!"

मी तणतणत टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले. अक्षरं काळी. दादा रागारागाने माझ्या जागी गेले. "अरेच्चा," ते म्हणाले, "पेटलंच की!"

खरं तर यात नवल काहीच नव्हतं. शाईचा रंग बघायचा तर कागद सपाट ठेवून सरळ बघायचं आणि फॉइल बघायची तर कागद उजेडासमोर कलवून बघायचा, हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. शाईचा रंग शाईतच असतो. फॉइलचा रंग उजेड कुठून येतो त्यावर ठरतो. हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. पण त्या दिवशी मी दादांच्या बाजूला उभी राहून ती काळी अक्षरं बघत होते, पलीकडे स्टुलावर आत्या खाली मान घालून बसली होती, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आत्या!" मी ओरडलेच. "काळगळ्याचं चित्र काढताना पक्षी कसा ठेवला होता?"

तिने दचकून वर बघितलं. "कसा म्हणजे? ट्रेमध्ये. उचलू देत नव्हते तिथे."

"चोच कुठल्या बाजूला?"

"उजवीकडे. पुस्तकातल्या सगळ्या पक्ष्यांच्या चोची उजवीकडेच आहेत. थोरले साहेब संपादक होते ना तेव्हा, त्यांचा नियमच होता तसा."

"आणि खिडकी?"

"डावीकडे. उजेड डावीकडूनच घेते मी, तुला माहीत..." ती मध्येच थांबली. तिची नजर माझ्यावरून मुखपृष्ठावर गेली, मुखपृष्ठावरून दादांवर. ती काठी न घेता उठली. आधी माझ्या बाजूने बघितलं, मग दादांच्या बाजूने. "उजेड शेपटीकडून येत होता," ती हळूच म्हणाली. "गळ्यावर समोरून पडलाच नाही."

"पण आत्या, पुस्तकात वर्णनही आहे ना? 'गळा गडद काळा' म्हणून?"

"ते थोरल्या साहेबांनी लिहिलं."

"पक्षी बघून?"

"नाही गं," आत्याने कपाळाला हात लावला. "माझं चित्र बघून."

मी दादांना म्हटलं, "चारच्या आधी सातवा फर्मा चढवलात तर याद राखा." ते म्हणाले, "चारनंतर?" मी म्हटलं, "तेव्हाही याद राखा!" आणि आत्याचा हात धरून मी निघाले.

संग्रहालय मागच्या दोन गल्ल्या सोडून आहे. एरवी आत्याला तिथवर जायला अर्धा तास लागतो. त्या दिवशी ती पुढे आणि मी धापा टाकत मागे. काठी जमिनीला टेकत होती की नाही देव जाणे. पक्ष्यांच्या खोलीत डांबरगोळ्यांचा वास, रुंद खणांची कपाटं आणि एक किल्लीवाल्या बाई. बाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं, खण उघडला, ट्रे काढला आणि खिडकीपाशी त्याच जुन्या टेबलावर ठेवला. अंगठ्याएवढा पक्षी, पायाला पिवळी पडलेली चिठ्ठी, चोच उजवीकडे, गळा काळा.

"आता हा जरा फिरवा," मी म्हटलं.

"नमुना हलवायचा नाही," किल्लीवाल्या बाई म्हणाल्या.

"ट्रे फिरवा."

"ट्रेही नाही. टेबलावर जसा ठेवला तसाच राहतो. नियम आहे."

"मग बॅटरी मारते."

"बॅटरी नाही, दिवा नाही, फोनचा उजेड नाही. पिसांचा रंग उडतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वाजायला वीस मिनिटं होती. आता माझ्या तोंडून काय बाहेर पडणार होतं ते माझं मलाच माहीत नव्हतं. तेवढ्यात आत्याने पिशवीत हात घातला आणि आपला छोटा गोल आरसा काढला. कुंचला तोंडात धरताना ओठाला रंग लागतो, तो पुसायला ती बाळगते.

"बाई," आत्या अगदी गोड आवाजात म्हणाली, "आरशाबद्दल काही लिहिलंय का हो?"

किल्लीवाल्या बाईंनी भिंतीवरचा नियमांचा तक्ता वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि पुन्हा एकदा. मग त्यांचा चेहरा बदलला. "नाही," त्या म्हणाल्या. "आरशाचं काही नाही. घ्या तुम्ही. लवकर घ्या!"

आत्या टेबलाच्या उजव्या टोकाला गेली, पक्ष्याच्या चोचीसमोर वाकली, आरसा गालाला लावला आणि खिडकीचा उजेड उलटा त्याच्यावर टाकला. उजेडाचा ठिपका आधी टेबलावर थरथरला, मग ट्रेच्या कडेवर चढला, मग चोचीवर, आणि मग गळ्यावर आला.

गळा पेटला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. फुंकर घातल्यावर निखारा जसा आतून लाल होतो तसा तो हनुवटीपासून छातीपर्यंत लाल झाला आणि कडेला सोनेरी. किल्लीवाल्या बाई आत्याच्या खांद्याला खांदा लावून वाकल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "अगं बाई! अकरा वर्षं मी याची धूळ काढतेय!"

"चुकले!" आत्या ओरडली. "अगं पोरी, मी चुकले! साफ चुकले!" आणि हातातल्या आरशासकट तिने मला मिठी मारली. चुकले म्हणून इतकी खूश झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

परत आलो तेव्हा सव्वातीन झाले होते. संपादकसाहेब वरच्या काचेच्या खोलीतून खाली मशीनपाशी आले होते, कारण दादांनी फर्मा चढवायला नकार देऊन ठेवला होता. साहेब माणूस वाईट नाही. थोरल्या साहेबांचे चिरंजीव, लहानपणी आत्याच्या मांडीवर बसून तिच्या रंगांत बोटं बुडवणारे. फक्त 'कदाचित' हा शब्द त्यांना फार प्रिय आहे. त्यांनी आमचं सगळं ऐकलं आणि मान हलवली.

"काकू, गळा लाल असेलही कदाचित. पण रंग बदलला म्हणून पक्षी जिवंत होत नाही. एकेचाळीस वर्षांत कुणी बघितलाय त्याला?"

खरं तेच बोलत होते, त्याचाच मला जास्त राग आला. आत्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागून दादा खाकरले.

"साहेब, माझ्या मेव्हण्याची पत्रं तुमच्याकडेच आहेत ना?"

दादांचा मेव्हणा डोंगरावरच्या शेवटच्या थांब्यापर्यंत बस नेतो. तिथे पाण्याच्या टाकीमागे लाल नळीसारख्या फुलांचं एक मोठं झुडूप आहे आणि त्यावर 'गळ्यात दिवा लावलेला' एक पक्षी येतो, अशी टेप तो वर्षभर लावत होता. आम्ही सगळे त्याची टिंगल करायचो. दादा सगळ्यांत जास्त. 'मेव्हणा आहे म्हणून सांगतो, शुद्ध फेकू आहे,' असं म्हणायचे.

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी वर जाऊन खणातून तीन पाकिटं आणली. आत फोटो होते. लहान, जरा हललेले, पण हिरवी पाठ, बाकदार चोच आणि धगधगीत गळा. "मी त्यांना कळवलं होतं," साहेब म्हणाले, "असा लाल गळ्याचा पक्षी आपल्या डोंगरांत नाही म्हणून."

"कशावरून कळवलंस?" आत्याने विचारलं.

"पुस्तकावरून," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोटो माझ्यापुढे सरकवले.

मी भिंग लावून एकेक फोटो बघितला. सगळ्यांत गळा लाल. एकातही काळा नाही. साहेबांनी तेच धरलं. "हा दुसराच कुठला तरी पक्षी असू शकतो, कदाचित कुणाच्या पिंजऱ्यातून सुटलेला. एकाच पक्ष्याचा गळा काळाही दिसतो आणि लालही दिसतो हे मला दाखवा, मी आत्ता तो शब्द काढतो."

"काळे आलेले फोटो मेव्हणा पुसून टाकतो," दादा म्हणाले. "खराब आले म्हणतो."

मी घड्याळाकडे बघितलं. तीन छत्तीस. "दादा, तुमचा मेव्हणा आत्ता कुठे असेल?"

दादांनी फोन आधीच कानाला लावला होता. गाडी साडेतीनला शेवटच्या थांब्यावर पोचते आणि चारला दहा मिनिटं कमी असताना उलटी फिरते. रिंग वाजली, बंद पडली, पुन्हा वाजली. मग मेव्हण्याचा आवाज आला, "काय हो भाऊजी, आज कशी आठवण काढली?"

"फेकू म्हटलं ते सगळं परत घेतलं! टाकीमागे जा! फोनवर चित्र दाखव! पळ!"

पाच माणसं एका फोनवर वाकली. पाचवा आमचा कागद मोजणारा, तो कधी आला कुणाला कळलं नाही. आधी नुसतं आभाळ दिसलं, मग बसचं चाक, मग मेव्हण्याचा अंगठा. चित्र थिजलं. साहेब म्हणाले, "रेंज नाही कदाचित," आणि आम्ही चौघे त्यांच्यावर एकदम खेकसलो, "शूऽऽ!" चित्र हललं. फुलं दिसली. लांब, लाल, खाली तोंड केलेली. नुसती फुलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. तिकडून कुणीतरी विचारत होतं, ड्रायव्हर, गाडी कधी सुटणार, आणि मेव्हणा दबक्या आवाजात म्हणत होता, "थांबा हो, कामात आहे."

आणि तो आला. कुठून आला ते दिसलंच नाही. आधी नव्हता, मग होता. फुलासमोर हवेत थांबून त्याने चोच आत घातली. हिरवी पाठ, चोच उजवीकडे, गळा काळा. अगदी आत्याच्या चित्रातला.

"काळा आहे," साहेब पुटपुटले. "काळगळ्याच आहे हा."

पक्षी मागे सरला, हवेतच वळला आणि मेव्हण्याकडे तोंड केलं. त्या एवढ्याशा पडद्यावर गळा भक्कन पेटला. वळला, विझला. पुन्हा वळला, पुन्हा पेटला. दादांनी माझा खांदा इतक्या जोरात दाबला की पुढे दोन दिवस दुखत होता, आणि मी एक शब्द बोलले नाही.

आत्याने आयुष्यात त्याला पहिल्यांदाच जिवंत बघितलं. "अरे, आहेस होय तू," ती म्हणाली आणि त्याच्यावरून हलकेच बोट फिरवलं.

फोन कट झाला.

कुणीही तिला रागावलं नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "कदाचित..." ते म्हणाले, मग त्यांनी डोकं झटकलं. "कदाचित नाही. नक्की. पट्टी काढा."

पट्टी काढायला दोन मिनिटं पुरली. पण ती गेल्यावर पानावर दोन बोटं रुंद जागा मोकळी राहिली आणि तिच्या वरच्या बाजूला काळ्या गळ्याचं तेच चित्र. साहेब म्हणाले, तिथे मेव्हण्याचा फोटो टाकू. मी म्हटलं, फोटो हललेला आहे, मी पास करणार नाही. आत्या म्हणाली, "माझं स्टूल खिडकीपाशी ठेवा."

पेटी उघडली, पाणी आलं. फार वर्षांनी तिला इतक्या घाईत रंगवताना मी बघत होते. डाव्या हाताने तिने उजवं मनगट धरलं होतं. चमक रंगाने येत नाही. तिने गळ्याच्या मधोमध कागद कोराच ठेवला, भोवती पिवळा, मग नारिंगी, मग लाल, आणि अगदी कडेला काळ्याची बारीक रेघ. पुसटसं डोकं, डोळा आणि मग चोच. ती चोच रेखू लागली तसे साहेब पुढे झाले.

"काकू, डावीकडे वळवताय तुम्ही. पुस्तकाचा नियम..."

"तुझ्या बाबांचा नियम मी तीनशे बारा वेळा पाळला," आत्या मान वर न करता म्हणाली. "एवढं डोकं मला माझ्या मनासारखं काढू दे. सरक जरा, उजेड अडवतोयस."

साहेब सरकले. इतकंच नाही, ते वर गेले आणि पानावरची दोन ओळींची माहिती नव्याने लिहून आणली. शेवटी मेव्हण्याचं नाव आणि 'शेवटच्या थांब्यावर, टाकीमागे' असंही त्यांनी घातलं. चार रंगांच्या चारही प्लेटा नव्याने निघाल्या. पाच वाजून दहा मिनिटांनी दादांनी सातवा फर्मा चढवला, मशीन गुरगुरलं आणि पहिला कागद बाहेर आला.

मी तो टेबलावर पसरला. सोळा पानं. पानापानावर पक्षी, सगळ्यांची तोंडं उजवीकडे, रांगेत उभे राहिल्यासारखी. आणि शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, एक एवढंसं डोकं डावीकडे वळलेलं, गळा पेटवून सरळ आमच्याकडे बघणारं. मी भिंग डोळ्याला लावलं. काही दिसेना. भिंग पुसलं, तरी दिसेना. डोळेच भरून आले होते, त्याला भिंग काय करणार? एकवीस वर्षांत पहिल्यांदाच मला कागद पास आहे की नाही हे सांगता येत नव्हतं.

आत्या शेजारी येऊन उभी राहिली. बोटांना लाल रंग, ओठालाही लाल रंग, आरसा पिशवीत तसाच. "दादा," तिने विचारलं, "तुमच्या मेव्हण्याची गाडी सकाळी किती वाजता सुटते हो?"

"सहाला, आत्याबाई. पुढची सीट धरून ठेवायला सांगतो." मग ते माझ्याकडे वळले. "भिंगबाई, काय करू? लाल बरोबर आहे ना?"

"अगं, सांग ना त्यांना," आत्या म्हणाली. "किती वर्षं ताटकळत ठेवायचं त्या पाखराला?"

मी भिंग खाली ठेवलं.

"सोडा," मी म्हटलं.